नागपूर ते राजनांदगाव, 1893

साल 1893. तुम्ही बंगाल-नागपूर रेल्वेच्या डब्यात बसला आहात. इंजिनाच्या धुरातली कोळशाची कणी डोळ्यात जाते, म्हणून तुम्ही उपरण्याने तोंड झाकून घेता. नागपूर मागे पडले आहे. गाडी राजनांदगावकडे निघाली आहे.

समोर तिशी ओलांडलेला एक ब्राह्मण बसला आहे. नारायण वामन टिळक. कवी माणूस. एका जागी टिकणे स्वभावात नाही, आणि घरी बायको लक्ष्मी व लहानगा दत्तू. निघाला आहे नोकरीच्या शोधात. पण मनात त्याहून मोठे काहीतरी चालले आहे. जातीपातींनी फाटलेला हा देश एक करील असा धर्म त्याला हवा आहे. नाही सापडला, तर आपणच तो मांडावा इथपर्यंत त्याची मजल गेली आहे.

एका युरोपियन सहप्रवाशाशी त्याचे बोलणे रंगते. उतरण्यापूर्वी तो गृहस्थ त्याला नवा करार देतो, वाचण्याचे वचन घेतो आणि सांगतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे पटत नाही. तुम्हालाही पटले नसते.

आता त्यांच्या खोलीत या. रात्र आहे असे समजा. वात वर केली आहे. दिल्या शब्दापोटी उघडलेले पुस्तक मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी येते आणि हा माणूस तिथून सातव्यापर्यंतचे तीन अध्याय सोडू शकत नाही. डोंगरावरचे प्रवचन ते. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाचा. येशू ज्यांना जगाचा प्रकाश म्हणतो आहे ते गालीलातले कोळी, मजूर, दुखणाईत. ज्यांना गावात कोणी पाट मांडून बसवत नाही असे लोक. पुढे कधीतरी व्हाल, असे तो म्हणत नाही. आहातच, म्हणतो. आणि लगेच दिव्याचे बोलतो: लावलेला दिवा झाकायचा नसतो, दिवठणीवर ठेवायचा असतो.

इथे थांबा. ख्रिस्ताबद्दल मनातल्या मनात आदर बाळगून घरी सोवळ्यात जेवायला बसणे त्या काळी एखाद्या शिकलेल्या माणसाला सहज जमले असते. त्याला कोणी वाळीत टाकले नसते. माझ्या मते देवाच्या पाचारणाची खरी कसोटी त्या दिवठणीशीच आहे. उजेड दिसणे ही कृपा; तो चारचौघांत धरणे हे काम, आणि त्याची किंमत पडते.

10 फेब्रुवारी 1895. मुंबई. टिळक बाप्तिस्मा घेतात.

मुंबईत रेंगाळू नका, लक्ष्मीबाईंकडे चला. ही किंमत त्यांच्या पदरात पडली आहे. नवरा जिवंत, आणि त्याच्या घरचे पाणी चालत नाही. मांडीवर दत्तू. माहेरचे लोक जपतात, पण गावच्या तोंडाला हात कोण लावणार? तुम्ही त्यांच्याजवळ बसा आणि धर्मांतराच्या गौरवाचे एक अक्षर बोलू नका. नवऱ्याला दिसलेल्या प्रकाशाने हिच्या घरात काही वर्षे अंधार केला, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्याचा आपल्याला हक्क नाही.

पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही सोवळे सांभाळूनच. मग एकदा विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले, की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हे. कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. हा उजेड नवऱ्याकडून उसना घेतलेला नव्हता. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. दोघांतली ही वाट मला अधिक अवघड वाटते, म्हणून अधिक मोलाची.

कोणाला पाचारण आले आहे असे वाटत असेल, तर त्याने टिळकांचे चरित्र जरूर वाचावे. पण आधी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. टिळक 9 मे 1919 रोजी गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्यातला बहुतेक भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला.