रामसेंचा हिममानव

अमरावती-अकोला म्हणजे हिंदी सिनेमाच्या धंद्यातलं ‘सी.पी. बेरार’. अशाच गावांतल्या टॉकीजवर रामसे बंधू तगले. त्यांना भयपटाकडे वळवलं तेही प्रेक्षकांनीच. १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरांचा प्रसंग लोकांना आवडला. मग १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’, १९८४ला ‘पुराना मंदिर’.

१९९१मध्ये श्याम-तुलसींनी ‘अजूबा कुदरत का’ काढला : लहान मुलगी आणि हिममानवाची गोष्ट. तो चालला नाही. का? मला वाटतं, ‘रामसे’ हे नाव वाचून आईबाप पोरांना नेणार नाहीत. आणि भुतासाठी आलेल्याला भूतच दिसणार नाही! ज्या प्रेक्षकानं हे नाव मोठं केलं, त्यानंच ते बदलू दिलं नाही.