खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढलेली बोट: टिटिकाका तलावावरच्या 'यावारी'ची गोष्ट

पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचा अवाढव्य तलाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३,८१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. समुद्रातून तिथवर जायला पाण्याची वाट नाही. मग १८६० च्या दशकात तिथे लोखंडी आगबोट पोहोचली कशी?

तर झालं असं की, १८६१ मध्ये पेरू सरकारने इंग्लंडला दोन छोट्या बोटींची ऑर्डर दिली. त्यांची नावं यावारी आणि यापुरा. तलावावर गस्तही घालायची आणि माल-माणसंही वाहायची, असा दुहेरी हिशोब. बोटी सुट्या भागांत पाठवायच्या ठरल्या. अट एकच, प्रत्येक तुकडा खेचराला पेलला पाहिजे. असे २,७६६ तुकडे १८६२ मध्ये अरिका बंदरात उतरले (अरिका तेव्हा पेरूचं होतं, आज चिलीत आहे). ताक्नापर्यंत रेल्वे होती. तिथून पुढे अँडीज पर्वत आणि खेचरं.

हे काम वर्षानुवर्षं रखडलं. मध्येच स्पेनशी युद्ध झालं, १८६८ च्या भूकंपाने अरिका उद्ध्वस्त झालं. शेवटी पुनो इथे तुकडे जोडून यावारी पाण्यात उतरली, ती २५ डिसेंबर १८७० रोजी. गंमत बघा, १८७४ मध्ये पुनोला रेल्वेच पोहोचली!

बोट आली, पण वाफेच्या इंजिनाला जाळायचं काय? कोळसा नाही, आसपास झाडंही फारशी नाहीत. उपाय स्थानिकच निघाला: लामा या प्राण्याचं वाळलेलं शेण. आपल्याकडे गोवऱ्यांवर चूल पेटते, तिथे बोट चालली. फक्त या इंधनाला जागा फार लागायची. पुढे बोटीची लांबी वाढवली गेली आणि १९१४ मध्ये स्वीडिश बोलिंडर इंजिन बसलं.

नंतर रस्ते आणि रेल्वे वाढली, बोटीचं काम संपलं आणि ती पेरूच्या नौदलाच्या ताब्यात नुसती पडून राहिली. भंगारात जाणार असं वाटत असताना मेरिएल लार्कन या ब्रिटिश महिलेने पाहणी करून घेतली. तलावाचं पाणी समुद्रासारखं खारं नसल्याने लोखंडी सांगाडा शाबूत निघाला. १९८७ मध्ये त्यांनी बोट विकत घेऊन दुरुस्तीला लावली. जुनं बोलिंडर इंजिनही पुन्हा सुरू झालं.

यापुराचं नाव बदलून 'पुनो' झालं आणि नौदलाने तिला तलावकाठच्या लोकांसाठी तरंगता दवाखाना केलं.