चिनी माती व धातू यांचा सांधा : दंतमुकुटाच्या इतिहासातील एक प्रकरण

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील दंतवैद्याकडे रुग्ण ज्याला 'कॅप' म्हणतो, त्या दंतमुकुटाच्या एका रूढ प्रकारात दोन घटक असतात : आत धातूचा पातळ सांगाडा व त्यावर दाताच्या रंगाची चिनी माती. हे दोन पदार्थ स्वभावाने भिन्न होत. धातू ताण सोसतो; चिनी माती दाब सोसते, परंतु ताणाखाली तडकते. त्यांचा संयोग कसा साधला आणि त्याचे मोल कोणी दिले, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही.

डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनमच्या वर्खावर निव्वळ चिनी मातीचा मुकुट भाजण्याची रीत प्रचारात आणली. असा मुकुट दिसावयास सुंदर, पण चर्वणाच्या भाराखाली फुटे. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून सोन्याचे अचूक ओतकाम करून दाखविले. मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची ही कला मुळात प्राचीन. दंतवैद्यकात तिला जे नवे रूप मिळाले ते पुढे दागिन्यांच्या कारखान्यांतही शिरले. अंधेरीच्या सीप्झमधील दागिने-उद्योग याच जातीच्या ओतकामावर चालतो.

सोन्यावर थेट माती भाजण्यात मुख्य अडचण उष्णताप्रसरणाची होती. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले असता सोन्याची मिश्रधातू लांबीच्या दशलक्षांशाच्या सुमारे १४ पट प्रसरण पावते, तर साधी फेल्स्पारयुक्त चिनी माती अवघी ७ ते ८ पट. साहजिकच निवताना धातू अधिक आकसे व माती तडकून सुटे. सप्टेंबर १९६२ मध्ये वाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांना अमेरिकेत मिळालेल्या पेटंटांनी यावर उपाय दिला. मातीत पोटॅशचे प्रमाण वाढवून ल्युसाइटचे स्फटिक निर्माण केले असता तिचे प्रसरण हवे तसे वाढविता येते. धातूचे प्रसरण किंचित अधिक राखले की निवल्यावर माती दाबाखाली राहते. आणि दाब हेच तिचे बळ. सांगाडा भट्टीत ढळू नये म्हणून सोन्यात प्लॅटिनम व पॅलॅडियम मिसळून त्याचा वितळणबिंदू चढविला गेला. शिवाय कथिल, इंडियम वा लोह अल्प प्रमाणात घातल्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येऊन रासायनिक बंध जुळला.

या मिश्रधातूत सोने सुमारे ८५ टक्के असे. नेमक्या याच सुमारास, जानेवारी १९६३ मध्ये, भारतात सुवर्णनियंत्रण आले व १४ कॅरटहून, म्हणजे सुमारे ५८ टक्क्यांहून, अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास मनाई झाली. ही मर्यादा पुढे सैल झाली. तरी १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. जगातही १९७१ मध्ये डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तुटल्यावर सोन्याचा भाव भडकला. तेव्हा निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातू पुढे आल्या. त्या स्वस्त होत्या, शिवाय सोन्याच्या मिश्रधातूहून जवळजवळ दुप्पट ताठर असल्याने सांगाडा अधिक पातळ ठेवता येई.

परंतु या धातूंचा ऑक्साइड थर सहज जाड होतो, व जाड थर स्वतःच फुटतो. तो आटोक्यात राहावा आणि ओतकाम सुकर व्हावे म्हणून काही मिश्रधातूंत २ टक्क्यांपर्यंत बेरिलियम घालण्यात आले. मुकुट धारण करणाऱ्यापेक्षा तो घासून गुळगुळीत करणाऱ्यास याचा धोका अधिक; कारण बेरिलियमच्या धुळीने फुफ्फुसांचा दीर्घकालीन विकार जडतो व प्रयोगशाळेतील कारागिरांत तो आढळलाही आहे. आज आंतरराष्ट्रीय मानकाने दंतधातूंतील बेरिलियमवर ०·०२ टक्के इतकी मर्यादा घातली आहे.

१९४८ च्या भारतीय दंतवैद्यक कायद्याने 'डेंटल मेकॅनिक' या वर्गासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवली. कायद्याने मान्य केलेला हा कारागीर सांध्याच्या इतिहासात मात्र बहुधा अनुल्लेखित राहतो. सोन्याची बचत झाली ती रुग्णाच्या हिताची ठरली, हे खरे. तिचा एक भाग त्या कारागिराच्या श्वासातून वसूल झाला, हेही तितकेच खरे.