म्हातारी माणसं रंकाळ्यावर का जातात? कारण बाकीची तळी आपण बुजवली

पहाटे साडेपाचला रंकाळा टॉवरपाशी उभं राहून बघा. कानटोप्या, काठ्या, नऊवारीवर पांढरे बूट घातलेल्या आज्ज्या. साठी-सत्तरीची निम्मी पेठ तिथं भेटते. पूर्वी यांना एवढ्या लांब यावं लागत नव्हतं. जवळपास पेठेपेठेला पाणी होतं की ओ!

शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. सभा, क्रिकेट, प्रदर्शनं सगळं आपण तळ्याच्या तळात करतो. जोराचा पाऊस झाला की मैदानात पाणी साचतं आणि आपण गटारीला शिव्या देतो. पाणी बिचारं आपल्या जुन्या घरी आलेलं असतं. कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना आपण उभे असतो तेही तीर्थच. ग्रामदैवत कपिलेश्वर तेवढा जागेवर राहिला. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तलाव होता. फुटबॉलवेड्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. कोटितीर्थ उरलंय, पण त्याच्या काठानं नाक न दाबता चालून दाखवा.

२०१९ आणि २०२१ चा महापूर पंचगंगेचा होता, त्याचं खापर या तळ्यांवर फोडता येणार नाही. पण तासाभराच्या पावसात रस्त्याची नदी होते, त्यात या बुजवण्याचा वाटा आहेच.

राहता राहिला रंकाळा. मूळची ही दगडाची खाण, भूकंपानं पाणी लागलं, असं सांगतात. ती आख्यायिका धरा. शालिनी पॅलेस मात्र १९३१ ते १९३४ मधला, डोळ्यांसमोरचा. संध्यामठ पाणी उतरलं की पूर्ण दिसतो. आणि नंदी! रोज गहूभर पुढं सरकतो, तांदूळभर मागं येतो, रंकाळ्याला पोचला की जगबुडी. आमच्याकडच्या कामांचा वेग बघता नंदीच आधी पोचेल.

चेष्टा सोडा. रंकाळा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत होता, पैसा आला, कामं झाली. तरी नाल्यांतलं सांडपाणी, हिरवं पाणी, जलपर्णी हे शब्द बातमीतून जात नाहीत. फिरायला येणारी म्हातारी माणसं ओरडली म्हणूनच अनेकदा हे उजेडात आलं. पाण्याचा वास बदलला की पहिला त्यांना कळतो, कारण ती रोज तिथं असतात. आणि त्यांच्यासाठी आपण काय केलं? उखडलेल्या फरश्या, पाठ नसलेली बाकडी, बंद दिवे. सत्तरीत एकदा पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की अनेकांचं फिरणं तिथंच संपतं.

मागणी साधी आहे. सुशोभीकरणाची कमान नको. शंभर-शंभर पावलांवर पाठीचं बाकडं, सपाट वाट, पहाटे चालू दिवे, आणि नाला तळ्यात पडायच्या आधी अडवा. शिवाय गांधी मैदान, कपिलतीर्थ, स्टेडियम इथं मोठ्या अक्षरात पाटी लावा: इथं तळं होतं.

वरुणतीर्थात किंवा रावणेश्वरात पोहायला शिकलेलं कुणी तुमच्या घरी अजून असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा. घाट कुठं होता, पाणी किती खोल होतं, भराव कधी पडला, विचारून घ्या आणि मला पाठवा. पेठेचं नाव तेवढं लिहा.