उटण्याच्या वाटीपासून क्रीमच्या ट्यूबपर्यंत

श्रींच्या आगमनाची तयारी सुरू झाली की आमच्या घरात दोन याद्या होतात. एक पूजेच्या साहित्याची आणि दुसरी, अलीकडच्या काळातली, लेकीसुनांच्या चेहऱ्याला लावायच्या गोष्टींची. आम्ही औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन राज्य सरकारच्या एका रुग्णालयात गेली वीस वर्षे औषधांच्या खिडकीत बसतो. त्यामुळे दुसरी यादी तपासायला आमच्याकडेच येते. "काका, यातलं कुठलं चांगलं?" हा प्रश्न पूर्वी आम्ही हसण्यावारी नेत होतो. आता नेत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. आधी आपल्या भागातल्या माणसाने गेल्या शंभर वर्षांत अंगाला काय काय लावले आणि त्यातल्या कशाने काय होते, ते पाहू.

सुरुवात उटण्यापासून करावी लागते. बेळगावातल्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात आजही उटण्याचे सामान सुटे मिळते. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गव्हला, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याची वाळलेली साल. घरी त्यात हरभऱ्याचे किंवा मसुरीचे पीठ मिसळतात. नरक चतुर्दशीच्या पहाटे आधी तिळेल, मग उटणे, मग बंबातले कढत पाणी, हा क्रम आपण पाठ केला आहे. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. तेल त्वचेवर थर धरून ओलावा उडू देत नाही. पीठ जादा तेल शोषून घेते आणि मळ घासून काढते. वाळा, नागरमोथा, कचोरा ही सुगंधी द्रव्ये आहेत. म्हणजे तेल, घासणी आणि सुगंध अशी ही तीन कामांची वाटणी आहे. आजच्या महागड्या डब्यांतही याच तीन कामांसाठी वेगवेगळे पदार्थ घातलेले असतात.

केसांसाठी शिकेकाई आणि रिठा. दोन्हींत सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट, आम्लधर्मी असते. आपली त्वचाही किंचित आम्लधर्मीच असते, साधारण साडेपाच पीएचच्या आसपास. साबण मात्र अल्कधर्मी, नऊ-दहाच्या घरातला. म्हणूनच साबणाने तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते, शिकेकाईने तसे होत नाही.

तिसरी गोष्ट घाटाखालून आलेली. थंडी पडू लागली की कोकणातून आणि गोव्यातून कोकमाच्या बियांचे घट्ट तेल बेळगावच्या बाजारात येई. कोणी त्याला मुठेल म्हणत, कोणी भिरंडेल. मुठीने वळलेला तो पांढुरका गोळा चुलीजवळ धरायचा आणि भेगाळलेल्या टाचांत जिरवायचा. या तेलात साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक स्टिअरिक आम्ल असते. हे नाव लक्षात ठेवा, ते लवकरच पुन्हा भेटणार आहे.

आता साबणाकडे वळू. चरबी किंवा तेल आणि कॉस्टिक यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. विलायती साबण आपल्याकडे आला तेव्हा त्यात जनावरांची चरबी असल्याची शंका अनेक घरांना होती. त्यामुळे सोवळ्यातल्या न्हाणीघरात त्याला जागा नव्हती. स्वदेशीच्या चळवळीने हा प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. मुंबईत कुलुपे बनवणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास निव्वळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. त्याचे नावही 'चावी' होते. चरबीची भीती गेली आणि साबण देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आला.

याच सुमाराला आपल्या दक्षिणेला दुसरी गोष्ट घडत होती. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि म्हैसूर संस्थानच्या चंदनाची युरोपकडे जाणारी वाट बंद झाली. १७९२ साली टिपू सुलतानने चंदनाचे झाड राजवृक्ष ठरवले होते, तेव्हापासून त्यावर सरकारची मक्तेदारी होती. माल पडून राहू लागला. महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार आणि दिवाण सर विश्वेश्वरय्या यांनी चंदन बाहेर पाठवण्याऐवजी येथेच त्याचे तेल काढायचे ठरवले. १९१६ साली बंगळुरात काम सुरू झाले. पुढे सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनतज्ज्ञांना साबणाचे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला पाठवले गेले. त्यातून म्हैसूर सँडल साबण जन्माला आला. वेष्टनावर हत्तीचे डोके आणि सिंहाचे शरीर असलेला शरभ आहे, तो आजही तोच.

योगायोग पाहा. त्याच १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी आपल्या बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि म्हैसूर हे परके संस्थान. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही तसेच होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण त्या साबणाच्या राज्यात आलो. आमच्या आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये त्या साबणाचे रिकामे वेष्टन असायचे, वासासाठी. भाषेवरून घरात कितीही तावातावाने बोलणे झाले तरी ते वेष्टन कोणी बाहेर काढले नाही.

साबण घेताना एक अक्षरत्रयी पाहावी, टीएफएम. म्हणजे साबणातला खरा स्निग्ध भाग किती. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावा लागतो. ज्यावर 'बाथिंग बार' लिहिलेले असते तो या प्रतवारीत बसत नाही, त्याचे मानक निराळे आहे. दोन वड्यांची किंमत सारखी असली तरी हा आकडा सारखा असेलच असे नाही.

साबणामागून 'स्नो' आले. मुंबईचे इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचे अफगाण स्नो १९१९ च्या सुमाराचे. आमच्या आत्याच्या लग्नात रुखवतात निळ्या बाटलीतले स्नो मांडले होते आणि बायका ते हातात घेऊन पाहत होत्या, असे आई सांगे. अशा स्नोत मुख्यतः काय असते? पाणी, ग्लिसरीन आणि अल्काने थोडे साबणासारखे केलेले स्टिअरिक आम्ल. होय, मुठेलातले तेच! पाणी उडून जाते, आम्लाचा पातळ थर राहतो आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. चुलीजवळचा गोळा आणि रुखवतातली बाटली अशी नात्यातली निघाली. १९२९ साली कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन आणले. त्यात बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि मेंढीच्या लोकरीतले लॅनोलिन. बेळगावच्या थंडीत उललेल्या ओठांना त्या हिरव्या ट्यूबने किती दिलासा दिला हे आमच्या पिढीला सांगायला नको.

सत्तरच्या दशकात दोन क्रीम घराघरांत पोचल्या. पहिली मराठी माणसाची. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम. तिच्यात हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल आहे. ही क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे दावा चालला, कारण दोन्हींवरील कर वेगळा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने, म्हणजे औषध असाच लागला. दुसरी क्रीम १९७५ ची, गोरेपणाचे नावच धारण करणारी. तिच्यातला मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो त्वचेतील रंगद्रव्य वरच्या थरात पोचणे काहीसे कमी करतो. डाग थोडे फिके होतात, पण जन्मजात रंग काही बदलत नाही. २०२० साली कंपनीने नावातून तो 'फेअर' शब्द काढला. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली.

हळदीची गोष्ट निघालीच आहे तर थोडी पुढे नेऊ. आपल्या जिल्ह्यातील रायबाग, अथणी, चिकोडी भागातली हळद सांगलीच्या बाजारात जाते. हळदीचा पिवळेपणा कुरकुमिनमुळे, आणि ते हळदीत अवघे दोन ते पाच टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. आजी हळद सायीत कालवून लावायची, त्यात हे शहाणपण होते. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्या संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध पुरावा म्हणून ठेवला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीचे ज्ञान लिहून ठेवलेले होते म्हणून वाचले.

पण घरगुती म्हणजे निर्धोक, असेही नाही. पूर्वी कुंकू हळदीला चुन्यासारखे अल्क लावून करीत, कारण हळद अल्कात लाल होते. आता पुष्कळदा कृत्रिम रंग असतात आणि काहींच्या कपाळावर काळपट चट्टा पडतो. चिकटणाऱ्या टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल असेल तर काहींना त्याच जागी पांढरा डाग येतो. तो टिकलीपुरता गोल असतो आणि तरीही बायका कोडाच्या भीतीने तो वर्षानुवर्षे मोठ्या टिकलीखाली झाकतात. असा डाग दिसला तर आधी टिकली बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

आता आमच्या न हसण्याचे कारण. काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीचे लग्न ठरत होते. मुलाकडून पत्रिका आली, पसंतीही आली, पण 'रंग जरा' असे वाक्य मध्यस्थाने अर्धवट सोडले. बहिणीने ते वाक्य मनाला लावून घेतले. एका दुकानदाराने सुचवलेली ट्यूब तिने आमच्याकडे आणायला सांगितली आणि आम्ही आणून दिली. नाव वाचले होते. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. यातले पहिले स्टेरॉइड आहे, हे आम्हाला पाठ होते. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," असे म्हणून आम्ही गप्प बसलो. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळे खूश झाले. पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. ट्यूब थांबवली की चेहरा लालबुंद होऊन जळायचा, लावली की शांत व्हायचा. कातडी पातळ झाली, पुरळ उठले, गालांवर लव वाढली. डॉक्टरांनी ट्यूब सोडवायला वर्ष घेतले. त्या वर्षात भाची आमच्याशी पूर्वीसारखीच बोलत होती आणि तेच आम्हाला जड जात होते. वाचता येत असूनही न बोललेल्या माणसाचा दोष दुकानदारापेक्षा मोठा, असे आम्ही मानतो.

ही एका घराची गोष्ट नाही. स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नावच दिले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. दुसरा शत्रू पारा. तो रंगद्रव्य बनणे अडवतो म्हणून काही बेनामी क्रीममध्ये घालतात आणि तो त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. अकोल्यातील एका कुटुंबातल्या मायलेकींना असाच त्रास झाल्याचे २०२३ च्या सुमारास वर्तमानपत्रांत आले होते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये जाणूनबुजून पारा घालता येत नाही. नकळत राहिलेला अंशही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. पण ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ताच नाही, तिला नियम काय विचारणार?

म्हणून यादी घेऊन येणाऱ्या लेकींना आम्ही आता एवढेच शिकवतो. डबी उलटी करा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. पुढच्या बाजूला केशर, बदाम, कोरफड मोठ्या अक्षरांत असेल आणि मागे ते यादीच्या तळाशी असेल, तर ते नावापुरते. पाणी, ग्लिसरीन वर असेल तर ती ओलावा धरणारी क्रीम आहे. झिंक ऑक्साइड चांगल्या प्रमाणात असेल तर उन्हापासून आडोसा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसले, जसे मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ते चिठ्ठीशिवाय घेऊ नका. पत्ता नाही, घटक नाहीत, त्या डबीला हात लावू नका. नवे काही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा. उटण्यालाही हाच नियम.

भाचीचे लग्न पुढे झाले. दुसऱ्या घरात, आणि तिथे रंगाचा विषय निघाला नाही. मागच्या गणपतीत ती आपल्या मुलीला घेऊन आली होती. आरतीनंतर तिने पर्समधून एक डबी काढून आमच्यापुढे धरली आणि म्हणाली, "मामा, वाचून सांग." आम्ही चष्मा लावला आणि या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मोठ्याने सांगितले.

गणपती बाप्पा मोरया!