घोडकाठची पांढर

पर्यावरण, पर्यटन आणि विज्ञान यांसाठी सरकारी खातं काय काम करतं, त्यावर आपल्या भागाच्या अंगानं बोला, असा आकाशवाणीवरून निरोप आला तेव्हा मी जरा गांगरलोच. सरकारी खात्यांशी माझा संबंध रेशनकार्डापुरता. कविता लिहिणारा, इतिहास घेऊन बी. ए. झालेला माणूस, यापलीकडे या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण विचार करता करता लक्षात आलं, की मंत्रालयात वेगवेगळ्या टेबलांवर बसणाऱ्या या तिन्ही गोष्टी मी एकाच जागी पाहिल्या आहेत. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो आणि ती जागा होती शिरूर तालुक्यातलं इनामगाव.

आम्ही दौंडचे. वडील रेल्वेत. मामूंचं न्हावऱ्याला शिलाईचं दुकान होतं. १९८२ च्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि म्हणाले, "चल, पुण्याच्या लोकांनी उकरलेलं गाव दाखवतो." घोड नदीच्या उजव्या काठावर मातीची टेकाडं होती. जुन्या वस्तीच्या अशा जागेला आपण पांढर म्हणतो. राख, शेण, पडक्या भिंती यांनी तिथली माती पांढुरकी झालेली असते. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, हा आपल्या खेड्यांचा जुना हिशेब. त्या पांढरीत चौकोनी खड्डे घेतलेले होते, कडा सुतानं आखल्यासारख्या सरळ, आणि आजूबाजूच्या गावच्या बायका टोपल्यांनी माती वाहत होत्या.

एका खड्ड्यात दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दिसली. "यात काय आहे?" मी विचारलं. माती झाडणाऱ्या बाईनं मान वर न करता सांगितलं, "लेकरू." मामूंनी चपला काढल्या आणि ओठांतल्या ओठांत फातेहा म्हटली. ते लेकरू कोणत्या धर्माचं, हे त्यांनी विचारलं नाही.

तिथली माणसं गेलेली मुलं घरातल्या जमिनीखालीच पुरत, असं आम्हाला तिथे कळलं. दौंडला परतल्यावर मी ते अम्मीला सांगितलं. माझी एक बहीण दहा महिन्यांची होऊन गेली होती. तिच्या कबरीवरचा मातीचा उंचवटा दोन पावसाळ्यांत सपाट झाला आणि मग ती जागा ओळखू येईनाशी झाली. अम्मी चुलीपुढे बसली होती. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "घर में च रखते थे? अच्छा करते थे."

पुढे कॉलेजात इतिहास शिकताना इनामगाव पुन्हा भेटलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं होतं. १९८८ मध्ये त्याचा मोठा अहवाल निघाला. त्यावर तीन नावं आहेत: म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी. अन्सारी हे नाव वाचून मला, खरं सांगतो, बरं वाटलं. नेवाशाच्या उत्खननातही हे गृहस्थ सांकलियांच्या बरोबर होते. मराठी मुलखातल्या जुन्यात जुन्या शेतकऱ्यांची घरं हातानं साफ करणाऱ्यांत आपलाही एक माणूस होता, असं वाटण्यात बालिशपणा असेल. पण तो मी लपवत नाही. गावाच्या नावातला 'इनाम' हा शब्दही अरबीतून आलेला. गाव मात्र त्या शब्दाच्याही फार आधीचं.

किती आधीचं? इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे पहिली वस्ती झाली आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ती उठली. म्हणजे एकाच जागी नऊशे वर्षं. आपल्यातल्या किती जणांना आपली चार पिढ्यांमागची जागा सांगता येईल? या नऊशे वर्षांचे अभ्यासकांनी तीन भाग पाडले. पहिली दोनशे वर्षं माळवा संस्कृतीची, पुढची चारशे पूर्व जोर्वे आणि शेवटची तीनशे उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. तिथे ही भांडी आधी सापडली म्हणून ते नाव. तांबड्या अंगावर काळी नक्षी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतं. त्यातलं तोटीचं भांडं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या घरचा वजूचा बधना आठवला. बाकी संबंध काही नाही. पाणी जपून, धार धरून वापरायचं असलं की माणूस भांड्याला तोटी लावतो, एवढंच.

तर ही माणसं कशी राहत होती? १३० हून जास्त घरांचे अवशेष तिथे सापडले. भरभराटीच्या काळातली घरं ऐसपैस, चौकोनी, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींची. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कुंभार, मणी करणारे, हस्तिदंत कोरणारे, असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. शेतात मुख्य पीक सातूचं, म्हणजे जवाचं. शिवाय गहू, मसूर, कुळीथ. गायीगुरं होती, शेळ्यामेंढ्या होत्या, आणि काळवीट मारून आणायची सोय आसपासच्या माळावर होती. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे पाण्यात मातीपासून वेगळे करून आणि हाडं तपासून हे सगळं ठरवलेलं आहे. यात अंदाज थोडा आणि मेहनत फार.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांनी खणलेली चारी. पुराचं पाणी नदीतून वळवून घेण्यासाठी त्यांनी सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल चर खणला आणि त्याच्या कडेनं दगडमातीचा बांध घातला. लोखंड नव्हतं. तांबं होतं, तेही थोडं. दगडाच्या हत्यारांनी आणि बहुधा लाकडी टिकावांनी हे काम झालं. पाऊस संपल्यावरचा गहू पिकवायचा तर पाणी धरून ठेवलं पाहिजे, हे या अवर्षणी मुलखात त्यांना तीन हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. १९७२ च्या दुष्काळात अम्मी मला झोळीत बांधून खडी फोडायला जायची. तिच्या पिढीनं रोजगार हमीच्या कामांवर तळी आणि बंधारे खणले, ते याच मुलखात.

मग इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास काहीतरी बिनसलं. चौकोनी घरं गेली. त्यांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, तीन-चार मिळून एका अंगणाभोवती. गहू कमी झाला. शिकार वाढली. भांड्यांचं काम खडबडीत झालं. पाच खोल्यांचं घरही राहिलं नाही. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये, अशी काही समजूत त्यामागे असावी. पाय शाबूत असलेला एक चाळिशीचा पुरुष मिळाला, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला. तो गावचा प्रमुख असावा, असं मानतात. मेलेल्यांचे पाय तोडणाऱ्या या गावातल्या जित्यांना मात्र शेवटी गाव सोडून चालत जावं लागलं.

का जावं लागलं? ढवळीकरांचं उत्तर होतं, पाऊस कमी झाला. हवामान कोरडं पडत गेलं, शेती परवडेना, माणसं गुराढोरांमागे फिरस्ती झाली. आम्ही परीक्षेत हेच लिहिलं आणि मार्क मिळवले. पुढे या सांगाड्यांचा अभ्यास होत गेला. जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी दातांवरून आणि हाडांवरून त्या लोकांचं खाणंपिणं आणि आजार वाचले. मग २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन बाईंचं पुस्तक आलं. त्यांनी पाहिली ती मुलं. मडक्यांतली लेकरं. उत्तर जोर्वे काळातली मुलं नीट वाढत नव्हती आणि लहानपणीच दगावत होती, हे त्यांच्या हाडांवरून दिसलं. पण याचं सगळं खापर पावसावर फोडायला त्या तयार नाहीत. हा मुलूख आधीपासूनच कमी पावसाचा होता, त्या काळात आभाळानं एकाएकी दगा दिला असं पुरावा सांगत नाही, जमीन आणि माणसं यांचं गणित कुठे चुकलं तेही पाहा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो मिटवणारा कोण? पण मला या दुसऱ्या म्हणण्यानं जास्त अस्वस्थ केलं. पाऊस रुसला म्हटलं की आपण सुटतो.

आता खात्याकडे येतो. महाराष्ट्रानं पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला १९६९ मध्ये, देशाच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ झालं, १९८५ मध्ये स्वतंत्र पर्यावरण विभाग आला आणि २०२० मध्ये त्याच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द जोडले गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं आणि पंचमहाभूतांच्या नावानं गावांना गुण मिळू लागले. यातलं काही मी हसण्यावारी नेत नाही. कायदा होता म्हणूनच मोजमाप झालं. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळानं देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यातले ५३ आपल्या राज्यातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांत मुळा-मुठा आहे, भीमा आहे. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. वाळकीच्या संगमावर उभं राहिलं की दोन तालुक्यांना काय वाट्याला आलं ते नाकालाही कळतं.

पर्यटनाचं टेबल वेगळं. १९७५ मध्ये पर्यटन विकास महामंडळ झालं. आमच्याकडे माणसं येतात ती रांजणगावच्या गणपतीला, दौंडवरून सिद्धटेकला आणि मोर बघायला मोराच्या चिंचोलीला. २०२० मध्ये सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. हुरडा, बैलगाडी, चुलीवरची भाकरी. छान आहे. पण महाराष्ट्रातला शेतकरी जिथे नऊशे वर्षं राहिला आणि उठला, तिकडे गाडी वळत नाही. पुरातत्त्वाचं टेबल तर तिसरंच, सांस्कृतिक कार्य विभागात. आणि इनामगावच्या वस्तू बघायच्या तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जायचं. मुख्य म्हणजे जा. मुलांना घेऊन जा.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या मुलीला घेऊन इनामगावला गेलो. विचारत विचारत जावं लागलं. "पुण्यावाल्यांनी उकरलेलं टेकाड ना?" एका शेतकऱ्यानं विचारलं आणि स्वतः मोटारसायकलवर पुढे झाला. चाळीस वर्षांत ते उकरणारे अजून पुण्यावालेच होते. खड्डे बुजलेले, वर गवत, चहूकडे ऊस. मुलीनं जमिनीवरचं एक तांबडं खापर उचललं, मी टिचकी मारायला सांगितली. वाजलं. "न्या की घरी, लई पडल्यात," शेतकरी म्हणाला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग ते होतं तिथेच, काळी नक्षी वर करून ठेवलं.

ऊन चढलं होतं. नदी समोरच होती. त्यानं शेतातल्या खोपीतून तांब्या भरून आणला आणि मी घेताना थांबलो असं वाटून घाईनं म्हणाला, "प्या दादा, बिनधास्त प्या. नदीचं नाही, जारचं आहे."