रक्षकच बिघाडास कारण : सदोष ड्रायव्हर आणि संगणक बंद पडण्याचा इतिहास (१९९३–२०२५)

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे जतन करण्यासाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे काम मोलाचेच होते. तथापि चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा पडला, मूळ रंग झाकोळले आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर हळुवारपणे काढावा लागला. रक्षणाचा उपाय चित्राच्या अंगालाच चिकटलेला असल्यामुळे त्याचा दोष चित्रापासून वेगळा करणे अवघड झाले. संगणकाच्या इतिहासातही हाच पेच ‘ड्रायव्हर’ या नावाने पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक कार्ड यांसारखे उपकरण आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली होय. ती बहुधा उपकरणाचा निर्माता लिहितो. परंतु ती चालते मात्र कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. सामान्य आज्ञावली चुकली तर तेवढीच बंद पडते. कर्नलमधील आज्ञावलीने चुकीच्या स्मृतिस्थानास हात घातला, तर पुढील माहितीचा नाश टळावा म्हणून कार्यप्रणाली स्वतःच सर्व काम थांबवते. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून परिचित झालेला निळा पडदा हा या अर्थाने सावधगिरीचा उपाय होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी चित्रांकनाचा मोठा भाग कर्नलमध्ये नेण्यात आला. त्यामुळे वेग वाढला आणि धोकाही वाढला.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू असताना स्कॅनर जोडताच हाच पडदा अवतरला. प्रेक्षक हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सच्या कर्नलची तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उर्वरित भागाच्या तिप्पट ते सातपट आढळले. विंडोज एक्सपीच्या नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी सुमारे ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत, असेही २००३ च्या संशोधनात नमूद आहे. २००७ मध्ये व्हिस्टा आली, तेव्हा त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्क्यांचे खापर एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरवर फुटले. ही आकडेवारी बाहेर आली ती अमेरिकेतील एका न्यायालयीन दाव्याच्या कागदपत्रांतून!

बिघाड शोधण्याची पद्धतही याच काळात घडत गेली. पडद्यावरील संकेत टिपणे, बंद पडतेवेळी जतन झालेली स्मृतीची प्रत तपासणे, अगदी अलीकडे काय बदलले ते आठवणे, किमान ड्रायव्हरसह ‘सेफ मोड’मध्ये संगणक सुरू करणे आणि संशयित ड्रायव्हर काढून जुना बसवणे, असा तिचा क्रम असे. विंडोज २००० मधील ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम ताण आणून त्याची चूक उघडी पाडी. एक्सपीने मागील ड्रायव्हरकडे परतण्याची सोय दिली. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मदरबोर्डसोबतची सीडी कपाटात कुलूपबंद ठेवली जाई, ती याच अनुभवातून. या साऱ्या पद्धतीत एक गृहीत होते : बिघडलेल्या यंत्रासमोर जाणता माणूस बसलेला आहे.

१९ जुलै २०२४ रोजी हे गृहीतच अपुरे पडले. त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षाकंपनीने आपल्या ‘फाल्कन’ प्रणालीसाठी एक छोटी फाईल जगभर पाठवली. फाल्कनचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत होता आणि तो प्रमाणित होता. परंतु नवी फाईल ही आज्ञावली नसून त्या ड्रायव्हरने वाचावयाची माहिती असल्याने ती प्रमाणीकरणाच्या कक्षेबाहेर राहिली. ड्रायव्हरला २० मूल्ये पुरवली जात असताना फाईलमुळे तो २१ वे शोधू लागला, नेमून दिलेल्या जागेपलीकडे वाचू लागला आणि संगणक कोसळले. ७८ मिनिटांत फाईल मागे घेण्यात आली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते.

मुंबई विमानतळावर अनेक प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. मुंबईत मुख्यालय असलेल्या अकासा एअरच्या ऑनलाइन सेवा खंडित झाल्या. इंडिगोने देशभरातील सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. हैदराबादेत तर हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. याउलट मुंबईतील दोन्ही शेअरबाजारांचे व्यवहार सुरळीत चालले आणि केवळ १० बँका व बँकेतर वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नसणे आणि हे साधन मोजक्याच बँकांत असणे, ही कारणे बँकेने दिली. ज्याला एरवी मागासलेपण म्हटले गेले असते, तेच त्या दिवशी पथ्यावर पडले.

उपाय साधाच होता : सेफ मोडमध्ये जावे, ‘२९१’ क्रमांकाची फाईल पुसावी, संगणक पुन्हा सुरू करावा. पण सुरूच न होणाऱ्या यंत्राला दुरून दुरुस्ती पाठवता येईना. डिस्क कूटबद्ध असेल तर प्रत्येक यंत्राची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागे. ती ज्या संगणकात साठवलेली असे, कित्येकदा तोही बंदच. फाईल मागे घेण्यास ७८ मिनिटे पुरली, पण यंत्रे एकेक करून उठवण्यात तंत्रज्ञांचे दिवस गेले. बिघाडांच्या इतिहासात या श्रमांची मोजदाद क्वचितच होते.

त्यानंतर सुरक्षा-आज्ञावली कर्नलबाहेर चालवण्याचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला आणि सुरू न होणारे यंत्र दुरूनच दुरुस्त करण्याची सोयही आणली. २०२५ मध्ये निळा पडदाही बदलून काळा करण्यात आला. त्यावर आता बिघाडाच्या संकेतासोबत, संबंधित ड्रायव्हरचा सुगावा लागल्यास त्याचे नावही दिसते.